बर्फावरील मोटार आणि तिच्या धन्यांचीं गाऱ्हाणीं



"अमुक यंत्र कोणीं शोधून काढलें?" असा प्रश्न परीक्षेंत आला म्हणजे तुम्ही एक नांव व एक सन लिहितां, आणि तेवढ्यानें पूर्ण गुण मिळवितां. परीक्षकाच्या दृष्टीनें तें उत्तर बरोबर असतें. वस्तुस्थितीच्या दृष्टीनें तें अर्धेंच असतें. यंत्र कारखान्याच्या दारांतून बाहेर पडतें त्या दिवशीं त्याची खरी परीक्षा सुरू होते. ज्यानें दाम मोजून तें घेतलें, ज्याला त्यावर रोज बसावयाचें आहे, ज्याला त्याच्या सांध्यांत वंगण घालावयाचें आहे, तो त्याचा खरा परीक्षक होय. त्याला जें खुपतें तें त्यानें नीट सांगितलें आणि घडविणाऱ्यानें तें नीट ऐकिलें, तर यंत्र सुधारतें. दोघांपैकीं एकानेंहि कसूर केली, तर तें जसेंच्या तसें राहतें. ह्या गोष्टीचें एक चांगलें उदाहरण म्हणून बर्फावरून धांवणाऱ्या मोटारीची, म्हणजे स्नोमोबाईलची, हकीकत येथें देत आहें.

१. गाडीची गरज

कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतांत व्हॅलकोर्ट नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें जोसेफ-आर्मांद बोंबार्डिए (१९०७–१९६४) ह्या तरुणानें १९२६ सालीं मोटारी दुरुस्त करण्याचें गॅरेज घातलें. त्या मुलुखांत हिवाळ्यांत इतकें बर्फ पडे कीं, मोटारी महिनेच्या महिने घरांत कोंडून ठेवाव्या लागत, व लोक घोड्यांच्या घसरगाड्यांतून जात-येत. बर्फावरून चालेल अशी मोटार करण्याचा ध्यास बोंबार्डिएला लहानपणापासून होता, व त्याचे प्रयोग चालू होते. १९३४ च्या हिवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकारानें आजारी पडला. इस्पितळाची वाट बर्फानें बंद झाली होती आणि बापाची गाडी अजून पुरी झाली नव्हती. मूल दगावलें.

ह्या दुःखानंतर त्यानें काम सोडलें नाहीं. रबर मढविलेलें दांतेरी चाक आणि त्यावरून फिरणारा रबरी पट्टा ही त्याची युक्ति होती. तिचें पेटंट त्याला १९३७ सालीं मिळालें. ह्या पट्ट्यावर चालणारी, सात माणसें बसतील अशी 'बी-७' नांवाची गाडी त्यानें विकावयास काढली. डॉक्टर, टपालवाले, शाळेंत जाणारीं मुलें व रोगी ह्यांची ह्या गाड्यांनीं मोठी सोय झाली. आरंभीं ह्या गाड्यांच्या चाकांना आरे असत. आऱ्यांमध्यें बर्फ सांचून चाकें जड होत. म्हणून पुढें भरीव चाकें बसविण्यांत आलीं. ही सुधारणा लहान दिसते, पण ती कागदावरील नकाशा पाहून सुचण्यासारखी नव्हती. बर्फांत गाडी हांकल्यावरच ती सुचली.

१९४८ सालीं क्वेबेक सरकारनें खेड्यांतील रस्त्यांवरील बर्फहि हिवाळ्यांत दूर करण्याचें ठरविलें, तेव्हां ह्या मोठ्या गाड्यांचा खप एकदम उतरला. मग बोंबार्डिए एकादोघांस बसतां येईल अशा हलक्या गाडीकडे वळला. तसली गाडी तयार झाल्यावर १९५९ सालीं ती ऑन्टॅरिओ प्रांताच्या उत्तरेस लॅन्सडाउन हाउस येथें नेण्यांत आली. तेथें त्याचे स्नेही फादर मॉरिस विमे हे मिशनरी रहात असत. लांब लांबच्या वस्त्यांस भेटी देण्यासाठीं तोंपर्यंत कुत्र्यांच्या घसरगाडीवांचून दुसरें साधन नव्हतें. गाडीचें नांव 'स्की-डॉग' ठेवावयाचें होतें, पण एका अक्षराच्या चुकीनें तें 'स्की-डू' झालें, असें सांगतात. नांव कसेंहि पडलें असो, ज्याला तिची खरी गरज होती अशा माणसाच्या हातीं ती प्रथम गेली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतहि असाच प्रकार घडला. विस्कॉन्सिन संस्थानांतील सेनर गांवच्या कार्ल एलिअसन ह्यानें १९२४ सालीं लांकडी घसरगाडीस लहानसें इंजिन जोडिलें. त्याच्या पायांत व्यंग होतें व बर्फांत मित्रांबरोबर शिकारीस जातां येत नसे, हें त्याचें कारण. पुढें मिनेसोटा संस्थानांतील रोझो गांवीं शेतीचीं अवजारें करणाऱ्या कांहीं तरुणांनीं १९५० नंतरच्या दशकांत अशी गाडी केली. त्यांतूनच पोलॅरिस नांवाचा मोठा कारखाना निघाला. आपली गाडी भरंवशाची आहे हें लोकांस पटावें म्हणून त्यांच्यापैकीं एडगर हेटीन ह्यानें १९६० च्या मार्च महिन्यांत सोबत्यांसह अलास्कांत बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत हजार मैलांहून अधिक प्रवास केला. वाटेंत गाडी मोडली तर दुरुस्त करणारेहि तेच होते. घडविणारा स्वतःच धनी झाल्यावर दोष फार काळ लपत नाहींत.

२. गाडीची रचना

गाऱ्हाणीं समजण्यासाठीं गाडीची रचना थोडक्यांत समजून घेऊं. पुढल्या बाजूस दोन स्की असतात. त्या हँडलानें वळतात. मागल्या बाजूस रुंद रबरी पट्टा असून त्यावर उंचवटे असतात. ते बर्फांत रुततात व गाडी पुढें ढकलली जाते. पट्ट्याच्या आंतून दोन लांब रूळ असतात, व त्यांच्या तळाशीं प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. रबरी पट्टा ह्या प्लॅस्टिकवर घासत फिरतो. घर्षणानें उष्णता उत्पन्न होते; पण उडणारें बर्फ त्या पट्ट्यांस ओलें व थंड ठेवितें. पुष्कळ गाड्यांत इंजिनाचें गरम पाणी थंड करण्याचें कामहि हेंच उडणारें बर्फ करितें.

इंजिनाची शक्ति पट्ट्याकडे नेण्यासाठीं मोटारसायकलीसारखे गिअर नसतात. दोन पुल्या व त्यांवर एक रबरी बेल्ट असतो. इंजिनाचा वेग वाढला कीं, केंद्रापसारी प्रेरणेनें पहिल्या पुलीच्या दोन तबकड्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो, आणि दुसऱ्या पुलींत तो खालीं उतरतो. त्यामुळें गाडीचा वेग आपोआप बदलतो. योजना मोठी सुटसुटीत आहे. परंतु सर्व भार त्या एका बेल्टवर पडतो. बेल्ट तुटला कीं गाडी जागच्या जागीं थांबते.

आतां गाडी कोठें थांबते ह्याचा विचार करा. घरापासून वीस-पंचवीस मैलांवर, अरण्यांत, सूर्य मावळतांना, उष्णमान शून्याखालीं ४० अंश. (ह्याच एका ठिकाणीं सेंटिग्रेड व फॅरनहाइट हीं दोन्ही मापें एकच आंकडा दाखवितात, हें भूगोलाच्या विद्यार्थ्यांनीं टिपून ठेवावें.) हातमोजा काढला तर थोड्याच वेळांत बोटें बधिर होतात. आपल्याकडे सायकल पंक्चर झाली तर माणूस ती ढकलीत घरीं येतो. तेथें गाडी बंद पडली तर जिवाशीं गांठ असते. म्हणून त्या गाडीचा एखादा स्क्रू कोठें बसविला आहे, हा केवळ सोयीचा प्रश्न नसतो.

३. धन्यांचें म्हणणें व कारखान्यांचें उत्तर

स्नोमोबाईल बाळगणारे लोक आपल्या गाड्यांविषयीं फार आस्थेनें बोलतात. क्लबांत, विक्रेत्याच्या दुकानांत, पत्रांतून त्यांचा हाच विषय चाललेला असतो. त्यांच्या बोलण्यांतील मुख्य मुद्दे येणेंप्रमाणें आहेत.

पहिला मुद्दा वंगणाचा. मागील स्प्रिंगांच्या सांध्यांत पाणी शिरतें, तेथें गंज चढतो व सांधा आंखडतो. त्यासाठीं वरचेवर ग्रीस भरणें अवश्य असतें. परंतु ग्रीस भरण्याचें निपल कधीं अशा कोपऱ्यांत बसविलेलें असतें कीं, पिचकारीचें तोंड तेथें पोंचत नाहीं. आणि कधीं तें मुळींच बसविलेलें नसतें. असे धनी स्वतः भोंक पाडून निपल बसवून घेतात. क्षुल्लक किंमतीचा भाग कारखानदारानें वांचविला, तर हजारों धन्यांच्या गाड्यांचे सांधे लवकर झिजतात. हें गाऱ्हाणें पुष्कळ जुनें आहे, आणि ज्या कारखान्यानें निपल हातीं लागेल असें बसविलें, त्याची वाखाणणीहि लोक तितक्याच मोकळेपणानें करितात.

दुसरा मुद्दा बेल्टचा. जुन्या गाड्यांत बेल्ट बदलावयाचा म्हणजे पाने काढा, झांकण सोडवा, आणि बर्फांत पडलेला बोल्ट शोधीत बसा, असा प्रकार होता. धन्यांचें म्हणणें असें कीं, हें काम जाड हातमोजे घालून, अंधारांत, थोड्या वेळांत करतां आलें पाहिजे. आतां पुष्कळ गाड्यांचीं बाजूचीं झांकणें खिटी फिरवून उघडतात, जादा बेल्ट ठेवण्यास झांकणाखालीं जागा असते, व पुली उघडण्याचें हत्यार गाडीबरोबरच दिलेलें असतें. उबदार खोलींत टेबलापाशीं बसून नकाशा काढणाऱ्यास हातमोज्यांची आठवण रहात नाहीं. ती बाहेरच्यानेंच करून द्यावी लागते.

तिसरा मुद्दा उष्णतेचा. बर्फांत चालणारी गाडी तापते, हें ऐकून तुम्हांस हसूं येईल. पण वाट गोठून कांचेसारखी कठीण झाली म्हणजे बर्फाचा भुगा उडत नाहीं. मग प्लॅस्टिकच्या पट्ट्या वितळूं लागतात व इंजिन तापतें. ह्यावर तारेचा एक साधा उपाय निघाला. गोठलेला पृष्ठभाग खरवडून भुगा उडविणाऱ्या दोन लवचिक तारा रुळांस बांधावयाच्या, इतकेंच. पुष्कळांनीं त्या पदरच्या पैशानें बसवून घेतल्या. आतां अनेक गाड्यांबरोबर त्या कारखान्यांतूनच येतात.

चौथा मुद्दा गाडीवरून पडण्याचा. चालविणारा पडला आणि गाडी तशीच पुढें गेली, तर ती दुसऱ्यावर आदळेल, किंवा धन्यास बर्फांत टाकून दूर जाईल. ह्यासाठीं एक दोरी असते. तिचें एक टोंक गाडीच्या बटणास व दुसरें अंगरख्यास अडकवितात. माणूस पडला कीं दोरी सुटते व इंजिन बंद पडतें. अशा साध्या वस्तूंनीं जितके जीव वांचतात, तितके वेगाच्या बढाईनें वांचत नाहींत.

पांचवें गाऱ्हाणें धन्यांचें नसून शेजाऱ्यांचें होतें. आरंभींच्या गाड्या इतक्या कर्कश असत कीं, पूर्ण वेगानें जातांना ५० फुटांवर १०२ डेसिबलपर्यंत आवाज भरे. लोकांच्या तक्रारींमुळें व कायद्यांच्या धाकानें कारखान्यांनीं आपसांत मर्यादा ठरवून घेतली, आणि १९७५ पासून प्रमाणपत्र मिळालेल्या गाड्यांचा आवाज त्याच अंतरावर ७८ डेसिबलांवर जाऊं नये असा नियम झाला. डेसिबलचें माप साध्या बेरजेचें नव्हे. दहा डेसिबल उतरले म्हणजे आवाज कानास सुमारें निम्मा भासतो. त्यावरून हा फरक केवढा, तें समजेल. धुराचेंहि तसेंच. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोलाचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनहि अधिक भाग न जळतांच बाहेर जाई. अमेरिकेच्या सरकारनें २००२ सालीं ह्याविषयीं नियम केले. त्यापूर्वींच, २००० सालीं, तेथील एंजिनिअरांच्या संस्थेनें कॉलेजांतील विद्यार्थ्यांसाठीं एक स्पर्धा सुरू केली. बाजारांतील स्नोमोबाईल घेऊन ती कमी धुराची व कमी आवाजाची करून दाखवावयाची, हा तिचा विषय. शेजाऱ्यांची कुरकुर अशा रीतीनें विद्यार्थ्यांचा अभ्यास झाली.

४. सर्वच गाऱ्हाणीं खरीं नसतात

येथें दुसरी बाजूहि सांगणें न्याय्य होईल. धनी म्हणतो तें सर्व एकमेकांशीं जुळतें असें नाहीं. एक म्हणतो, गाडी बटण दाबून सुरू झाली पाहिजे. दुसरा म्हणतो, थंडीनें बॅटरी दुबळी होते, म्हणून ओढण्याची दोरी काढूं नका. एकास गाडी हलकी हवी, दुसऱ्यास भक्कम हवी; डोंगरावर जाणाऱ्यास लांब पट्टा हवा, आंखलेल्या वाटेनें जाणाऱ्यास आंखूड. एकच गाडी सर्वांच्या मनाजोगती होणें शक्य नाहीं. ह्यांत निवड करणें हें कारखानदाराचें काम आहे, आणि तें सोपें नाहीं.

शिवाय कांहीं दोष धन्याचेच असतात. उन्हाळ्यांत गाडी तशीच कोपऱ्यांत उभी राहते. टांकींतील पेट्रोल शिळें होऊन कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट मळ बसतो. हवेच्या पेटींत उंदीर घर करितात. पट्टा ढिला झालेला कोणी पहात नाहीं. पहिलें बर्फ पडल्यावर गाडी सुरू होत नाहीं, आणि मग "कारखाना लबाड आहे" अशी ओरड होते. गाडीबरोबर आलेलें माहितीपुस्तक मात्र पिशवींतून बाहेरहि निघालेलें नसतें!

तसेंच, चांगलें ऐकून घेणारा कारखाना नेहमींच तरतो असेंहि नाहीं. १९७१ च्या सुमारास शंभरांहून अधिक कारखाने ह्या गाड्या करीत, आणि त्या वर्षीं सुमारें पांच लाख गाड्या खपल्या. पुढें कमी बर्फाचे हिवाळे व पेट्रोलची महागाई ह्यांनीं धंदा खालावला, आणि शेवटीं चारच मोठीं नांवें उरलीं. त्यांपैकीं जपानच्या यामाहा कंपनीनें १९६८ पासून ह्या गाड्या विकल्या होत्या. तिच्या इंजिनांच्या टिकाऊपणाची ख्याति असतांहि, आपण हा धंदा सोडीत आहों असें तिनें २०२३ सालीं जाहीर केलें. लोकांचें ऐकणें हा यशाचा हमखास मंत्र नव्हे. तें कर्तव्य आहे, म्हणून करावयाचें.

५. आपल्या देशाशीं संबंध

आमच्या महाराष्ट्रांत बर्फ पडत नाहीं. म्हणून ह्या गाडीशीं आपला कांहींच संबंध नाहीं असें मात्र समजूं नये. काश्मीरांत गुलमर्ग येथें हिवाळ्यांत प्रवाशांस ह्या गाडीवर बसवून फिरवितात. तिकडे फिरावयास गेलेल्या मराठी कुटुंबांपैकीं कित्येकांनीं ती पाहिली असेल. सियाचिनच्या हिमनदीवर आपलें सैन्य हिचा उपयोग करितें. तेथें हिला 'स्नो-स्कूटर' म्हणतात. ह्या उंचीवर एक नवीनच अडचण येते. हवा विरळ असल्यामुळें इंजिनास प्राणवायु कमी मिळतो, व साधारणपणें दर हजार फुटांस शेंकडा तीन ह्या मानानें त्याची शक्ति घटते. गुलमर्ग सुमारें ८,७०० फूट उंच आहे. तेथें इंजिनाची शक्ति जवळजवळ पाव हिश्शानें कमी होते, हें गणित तुम्ही स्वतः करून पहा. जुन्या गाड्यांत उंचीप्रमाणें कार्बुरेटरचे जेट बदलावे लागत. थंडीनें आंखडलेल्या बोटांनीं तो पितळी तुकडा बसविणें किती कठीण, हें डोंगरांत राहणाऱ्या धन्यांनीं वारंवार सांगितलें. नव्या गाड्यांत हवेचा दाब मोजून पेट्रोलाचें मान आपोआप ठरविण्याची सोय आहे. घटलेली शक्ति तिनें परत येत नाहीं, पण बोटांचे हाल वांचतात. असें गाऱ्हाणें कोणी कोठेंहि करो, त्याचें फळ दूरदेशींच्या अनोळखी माणसासहि मिळतें.

६. गाऱ्हाणें कसें सांगावें

शेवटीं एक घरची गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या विहिरीवर विजेचा पंप बसविला. आठच दिवसांत तो सकाळीं पाणी देईनासा झाला. मीं रागाच्या भरांत दुकानदारास लिहिलें, "आपला पंप अगदीं निकामी आहे." उत्तर आलें नाहीं. तेव्हां इयत्ता नववींतील एका मुलानें पंधरा दिवस वहींत टिपण ठेविलें. पंप रात्रभर बंद राहिला तर सकाळीं त्यांत हातानें पाणी भरावें लागतें. दुपारीं तासभर बंद ठेविला तर भरावें लागत नाहीं. बारा तासांनीं दोन बादल्या लागतात, सहा तासांनीं एक. ह्यावरून त्यानें अनुमान काढलें कीं, यंत्र चांगलें आहे. तळाशीं असलेल्या झडपेंतून पाणी हळूहळू गळतें. तें टिपण मीं जसेंच्या तसें पाठविलें. आठवड्याच्या आंत मिस्त्री दुसरी झडप घेऊन आला, आणि म्हणाला, "मास्तर, ह्याच मालांतील आणखी दोन झडपा अशाच गळत होत्या, पण कशानें तें आम्हांस कळत नव्हतें." माझ्या पहिल्या पत्रांत राग होता, माहिती नव्हती. मुलाच्या वहींत माहिती होती, राग नव्हता.

म्हणून तक्रार करावयाची झाल्यास चार गोष्टी सांभाळाव्या. दोष केव्हां व कोणत्या स्थितींत दिसतो तें आधीं पाहावें. आपली स्वतःची चूक नाहीं ना, ह्याची खात्री करावी. पाहिलें तेवढेंच लिहावें. तिखटमीठ लावूं नये. आणि जें चांगलें आहे तेंहि सांगावें, म्हणजे सुधारणा करतांना तें मोडलें जाणार नाहीं. तुमच्यापैकीं कित्येक पुढें कारखान्यांत, रेल्वेंत, इस्पितळांत किंवा शाळेंत काम कराल. तेव्हां तुमच्या कामाविषयींचीं गाऱ्हाणीं तुमच्यापुढें येतील. त्या वेळीं कान झांकूं नका. पालकांसहि विनंति आहे कीं, घरांतील मूल एखाद्या वस्तूचा दोष दाखवूं लागलें, तर "तुला काय कळतें?" म्हणून त्यास गप्प बसवूं नये. तें खरोखरच पहात असेल, तर त्यास बोलूं द्यावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. स्नोमोबाईलच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कठीण बर्फावर कां वितळतात? त्यावर कोणता उपाय करण्यांत आला?
२. दोन पुल्या व बेल्ट ह्यांच्या योगानें गाडीचा वेग कसा बदलतो, तें आकृति काढून समजावून सांगा.
३. समुद्रसपाटीवर १०० अश्वशक्तीचें असलेलें इंजिन १०,००० फूट उंचीवर सुमारें किती अश्वशक्तीचें राहील?
४. कारखानदारास सर्व धन्यांचें समाधान करणें कां अशक्य आहे? दोन उदाहरणें द्या.
५. आपल्या घरांतील एका यंत्राचें किंवा साधनाचें आठ दिवस निरीक्षण करून त्याचा एक दोष व एक गुण दहा ओळींत लिहा.